मनगटावरचा दाब आणि पोटातली मळमळ

घाटात एस्टी वळणे घेऊ लागली की काही जणांचा चेहरा पांढरा पडतो. तोंडाला पाणी सुटते, कपाळावर घाम येतो आणि पोटात ढवळू लागते. शेजारचा प्रवासी मुकाट्याने लिंबू पुढे करतो. 'गाडी लागण्या'चा हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. अर्ध्या तासाचा असला तरी तो नकोसा होतो. मग अशीच मळमळ तीन-चार दिवस टिकली आणि दर तीन आठवड्यांनी ती पुन्हा येणार हे आधीच ठाऊक असले, तर?

कर्करोगावर रसायनोपचार, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातील 'केमो', घेणाऱ्या पुष्कळ रुग्णांपुढे हा प्रश्न असतो. पोटात काही ठरत नाही, वजन उतरते, अन्नाच्या वासानेही कसेतरी होते. काही रुग्ण इतके हैराण होतात की उपचार अर्धवट सोडण्याची भाषा करू लागतात. अशा घरी भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही सुचवून जातो. 'मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटे अंतरावर अंगठ्याने दाबा, मळमळ थांबते' हा त्यांतलाच एक सल्ला. तो देणाऱ्याने स्वतः अनुभव घेतलेला असतो आणि खर्चही काही नसतो. मग तो मानावा की हसून सोडून द्यावा? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना तीस-चाळीस वर्षे लागली आहेत. ते उत्तर काय आहे आणि कोणत्या रीतीने मिळाले, ते आपण पाहू.

उलटी कशी होते?

उलटी ही मुळात शरीराची संरक्षणाची युक्ती आहे. पोटात विषारी पदार्थ गेला तर तो बाहेर फेकणे हे तिचे काम. त्यासाठी शरीराने दोन पहारे बसवले आहेत.

पहिला पहारा आतड्यात असतो. आतड्याच्या अस्तरात काही खास पेशी असतात आणि त्यांत सेरोटोनिन हे रसायन साठवलेले असते. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गातच असते. अस्तराला इजा झाली की या पेशी ते बाहेर सोडतात. जवळच व्हेगस या मोठ्या मज्जातंतूची टोके असतात. सेरोटोनिन तेथील ग्राहींवर बसले की मेंदूकडे संदेश जातो.

दुसरा पहारा मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत आहे. मेंदूच्या बहुतेक भागात रक्तातील नको ते पदार्थ शिरू नयेत म्हणून केशवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात. 'ॲरिया पोस्ट्रेमा' या छोट्याशा भागात मात्र त्या सैल असतात. त्यामुळे रक्तात विष आले तर येथील पेशींना ते लगेच समजते. दोन्ही पहाऱ्यांचे संदेश लंबमज्जेत एकत्र येतात आणि तेथून पोटाच्या व छातीच्या स्नायूंना हुकूम सुटतो.

कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधे या दोन्ही पहारेकऱ्यांना विषासारखीच वाटतात. सिस्प्लॅटिन हे त्यांतील नावाजलेले औषध. उलटीरोधक औषध न देता ते दिले, तर दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांना उलट्या होतात. पहिल्या चोवीस तासांतील त्रासाला 'तात्काळ' आणि त्यानंतरच्या त्रासाला 'विलंबित' असे म्हणतात. आणखी एक तिसरा प्रकार आहे. दोन-तीन वेळा उपचार घेतलेल्या रुग्णाला पुढच्या खेपेस रुग्णालयाचा जिना चढतानाच मळमळू लागते. औषध अजून शरीरात गेलेलेही नसते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटत असे, तसाच हा प्रकार आहे. रुग्णालयातील वास आणि मळमळ यांची मेंदूने सांगड घातलेली असते.

हा तिसरा प्रकार ध्यानात ठेवावा. मळमळ पोटात जाणवत असली तरी ती घडते मेंदूत आणि पूर्वानुभवाने ती शिकता येते, असे तो सांगतो. पुढे याचा उपयोग होणार आहे.

औषधांची मजल

१९९० च्या सुमारास ऑन्डान्सेट्रॉन हे औषध वापरात आले आणि चित्र पालटले. ते व्हेगसच्या टोकांवरील ग्राहींवर जाऊन बसते, त्यामुळे सेरोटोनिनला तेथे जागा मिळत नाही. २००३ मध्ये ॲप्रेपिटंट आले. ते मेंदूकडे संदेश नेणाऱ्या वेगळ्याच एका रसायनाची वाट अडवते. यांच्या जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. मानसिक आजारांसाठी वापरले जाणारे ओलान्झापिन मळमळीवरही गुणकारी ठरते असे पुढे आढळले. त्याचा १० मिलिग्रॅमचा डोस घेतला की रुग्णांना फार गुंगी येई. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी अडीच मिलिग्रॅमचा डोस त्याच्याशी ताडून पाहिला. थोड्या डोसाने उलट्यांवर तितकाच ताबा राहतो आणि गुंगी मात्र कमी येते, हा त्यांचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या औषधांमुळे उलट्या बऱ्याच आटोक्यात आल्या. मळमळ मात्र अजूनही पुरती आटोक्यात आलेली नाही. मनगट दाबण्याचा प्रश्न शिल्लक राहतो तो येथे.

आतली वेस

आता मनगटाकडे वळू. तळहात वर करा. दुसऱ्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे जुळवून मनगटाच्या घडीवर आडवी ठेवा. तिसरे बोट जेथे संपते तेथे, हाताच्या मधोमध, दोन ताठ दोऱ्यांसारख्या कंडरा लागतात. मूठ किंचित आवळली की त्या उठून दिसतात. त्यांच्या मधला खळगा म्हणजे चिनी वैद्यकातील 'नेइग्वान' हा बिंदू. आजच्या क्रमवारीत त्याला 'पी ६' म्हणतात. चिनी नावाचा अर्थ साधारणपणे 'आतली वेस'. अंतर मोजायचे ते ज्याच्या हातावर दाब द्यायचा त्याच्याच बोटांनी. लहान मुलाचा हात लहान, तशी त्याची बोटेही लहान, म्हणून प्रमाण आपोआप जुळते.

या बिंदूत सुई टोचली तर तो अ‍ॅक्युपंक्चरचा उपचार, बोटाने दाबले तर अ‍ॅक्युप्रेशर. बोट लागू नये म्हणून समुद्रप्रवासात वापरायचे लवचिक पट्टेही मिळतात. त्यांच्या आतल्या बाजूला असलेली प्लॅस्टिकची गोळी या बिंदूवर दाब देते.

पाश्चात्त्य वैद्यकात या बिंदूकडे लक्ष वेधले ते उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या जॉन डंडी या भूलतज्ज्ञांनी. लहान शस्त्रक्रियांसाठी आलेल्या स्त्रियांना भुलीपूर्वीच्या औषधांनी मळमळ होत असे. या बिंदूत सुई टोचल्यास ती कमी होते, असे त्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. लगेच त्यांनी रसायनोपचार घेणाऱ्या रुग्णांवरही हा उपाय करून पाहिला. बहुतेकांना बरे वाटले. सुईचा परिणाम सुमारे आठ तास टिकतो असे दिसले, म्हणून तो लांबवण्यासाठी त्यांनी मनगटाला पट्टा बांधून दर दोन तासांनी दाबायला सांगितले.

चिनी वैद्यकाच्या मते शरीरात जीवनशक्तीचे मार्ग असतात आणि हा बिंदू अशा एका मार्गावर आहे. शरीररचनाशास्त्राला असे मार्ग सापडलेले नाहीत. पण केवळ एवढ्यावरून उपाय खोटा ठरत नाही. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होते. ते दुखणे कसे थांबवते हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. मधली बहात्तर वर्षे लोकांची डोकेदुखी थांबतच होती. शिवाय या बिंदूखालून हाताची एक मोठी मज्जा जाते, त्यामुळे दाबाने मेंदूकडे काही संदेश जाणे अशक्य नाही. म्हणून 'कसे होते' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू आणि 'होते का' एवढेच विचारू.

बरे वाटले, पण कशामुळे?

येथे वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. चाळीस विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने लुडोचा फासा एकदा टाकावा. पडलेला आकडा म्हणजे त्याची आजची मळमळ, असे समजावे. १ म्हणजे अगदी थोडी, ६ म्हणजे असह्य. ज्यांना ५ किंवा ६ पडले त्यांनीच पुढे यावे. असे साधारण तेरा जण असतील. त्यांच्या मनगटाला लोकरीचा धागा बांधावा आणि फासा पुन्हा टाकायला सांगावा.

तेरापैकी सुमारे दहा जणांची 'मळमळ' उतरलेली दिसेल, दोघांची तेवढीच राहील आणि फार तर एखाद्याची वाढेल. धागा गुणकारी निघाला! प्रत्यक्षात फाशाला धाग्याचा पत्ताही नाही. ज्याला ६ पडले त्याला पुढच्या वेळी त्याहून कमी पडण्याची शक्यता सहात पाच असते. ज्याला ५ पडले त्याला सहात चार. दोन्हींची सरासरी तीन-चतुर्थांश, म्हणजे तेरात दहा. त्रास शिगेला पोचल्यावर कोणताही उपाय केला तरी त्यानंतर बहुधा उतारच पडणार. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसे हे आहे.

आता त्याच तेरा जणांसाठी नाणे उडवा. छापा पडेल त्याला धागा बांधा, काटा पडेल त्याला बांधू नका आणि मग फासे टाकायला सांगा. दोन्ही गटांत सारखाच उतार दिसेल. धाग्याचे पितळ उघडे पाडायला नुसते 'बरे वाटले' हे मोजणे पुरत नाही. ज्यांना धागा बांधला नाही त्यांच्याशी तुलना करावी लागते आणि कोण कोणत्या गटात जाणार हे नाण्यावर सोपवावे लागते.

माणसाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. फाशाला आशा नसते, माणसाला असते. कुणी आपुलकीने हात धरून दाब दिला, 'आता बरे वाटेल' असे सांगितले, तर तेवढ्यानेही बरे वाटू शकते. म्हणून चांगल्या चाचणीत तिसरा गट लागतो. त्याला लटका उपचार देतात: दिसायला हुबेहूब, पण बिंदू भलताच किंवा दाबच नसलेला. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला सांगत नाहीत.

तिसऱ्या गटाने काय सांगितले?

२००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली एक चाचणी पाहा. स्तनाच्या कर्करोगासाठी अतितीव्र रसायनोपचार घेणाऱ्या १०४ स्त्रियांचे तीन गट केले. पहिल्याला फक्त औषधे, दुसऱ्याला औषधांबरोबर लटकी टोचणी आणि तिसऱ्याला औषधांबरोबर सुयांतून सौम्य वीजप्रवाह सोडणारे अ‍ॅक्युपंक्चर. पाच दिवसांतील उलट्यांच्या संख्येचा मध्यक तीन गटांत अनुक्रमे १५, १० आणि ५ असा आला. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांतील फरक हा लटक्या टोचणीचा आणि तिच्याबरोबर मिळालेल्या देखभालीचा. दुसऱ्या आणि तिसऱ्यातील फरक खऱ्या उपचाराचा. दोन्ही सारखेच मोठे! फक्त दोन-तीन गोष्टी विसरता कामा नयेत. पुढच्या नऊ दिवसांत हे फरक उरले नाहीत. या स्त्रियांना ऑन्डान्सेट्रॉनच्या जातीची औषधे दिलेली नव्हती. आणि हे बोटाने दाबणे नव्हते, विजेचे अ‍ॅक्युपंक्चर होते.

बोटाने किंवा पट्ट्याने दाबण्याविषयी काय? २००६ मध्ये अकरा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यांत सुई, वीज आणि दाब असे सगळेच प्रकार होते आणि एकूण रुग्ण बाराशेहून अधिक होते. दाबामुळे पहिल्या दिवसाची मळमळ थोडी सौम्य होते, असे त्यात दिसले. उलट्यांवर परिणाम दिसला नाही आणि नंतरच्या दिवसांत मळमळीवरही नाही. २००७ मध्ये १६० स्त्रियांवरील चाचणी आली. तेथे एका गटाने 'पी ६' दाबला, दुसऱ्याने हाताच्या कडेवरील भलताच बिंदू दाबला, तिसऱ्याने काहीच नाही. येथे पहिल्या दिवशी फरक पडला नाही, पण नंतरच्या दिवसांत 'पी ६' दाबणाऱ्यांना मळमळ आणि उलट्या कमी झाल्या.

म्हणजे एकीकडे पहिल्या दिवशी गुण आणि नंतर नाही. दुसरीकडे पहिल्या दिवशी नाही आणि नंतर गुण. अशा वेळी शास्त्रज्ञ सावध होतात. परिणाम खरा आणि भक्कम असेल तर तो निरनिराळ्या चाचण्यांत त्याच जागी पुन्हा पुन्हा दिसायला हवा.

म्हणून इंग्लंडमध्ये याहून मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ५०० रुग्ण आणि तीन गट: दाब देणारा पट्टा, दाब न देणारा पण तसाच दिसणारा पट्टा, आणि पट्टा नाही. उलटीरोधक औषधे सर्वांनाच होती. पहिल्या खेपेच्या मळमळीत तीन गटांमध्ये संख्याशास्त्रीय कसोटीला उतरेल असा फरक मिळाला नाही. खऱ्या आणि लटक्या अशा दोन्ही पट्टेवाल्यांना पट्टा नसलेल्यांपेक्षा थोडे बरे होते, एवढेच दिसले. उलट्यांत फरक नव्हता. ४ ते १८ वर्षे वयाच्या मुलांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही खरा पट्टा लटक्या पट्ट्याहून सरस ठरला नाही.

मग हा बिंदू निव्वळ थोतांड म्हणायचा का? तसेही म्हणता येत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर ५९ चाचण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साडेसात हजारांवर रुग्ण होते आणि लटक्या उपचारापेक्षा 'पी ६' चा उपचार सरस दिसला. पुराव्याचा दर्जा मात्र कमी आहे, हेही आढावा घेणाऱ्यांनी नोंदवले. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाचा मारा त्याहून जबर आणि लांबणारा असतो. एका ठिकाणचा निष्कर्ष उचलून दुसरीकडे लावता येत नाही, हा धडा येथे मिळतो.

आशेची किंमत

या चाचण्यांत एक गोष्ट डोळ्यांत भरते. उलट्या मोजता येतात. त्यांची संख्या परिचारिकाही लिहू शकते. मळमळ किती आहे हे मात्र रुग्णालाच विचारावे लागते. आणि पट्ट्यांनी जो थोडाफार फरक पडलेला दिसतो तो मळमळीत दिसतो, उलट्यांत जवळजवळ नाही. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७३९ रुग्णांच्या चाचणीतही पट्ट्याने आपल्याला गुण येईल अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांनाच अधिक गुण आलेला दिसला.

म्हणून 'मनाचे खेळ' असे म्हणून रुग्णाची चेष्टा करू नये. जिन्यावरच्या वासाने मळमळणे मेंदू शिकू शकतो, तर धीराच्या स्पर्शाने ती ओसरणे हेही त्याच मेंदूत घडू शकते. रुग्णाला वाटलेला आराम खरा असतो. प्रश्न एवढाच की तो 'आतल्या वेशी'तून आला, की हात धरणाऱ्या माणसामुळे आला. आजवरच्या चाचण्यांवरून रसायनोपचाराच्या बाबतीत दुसऱ्या उत्तराकडे पारडे झुकते, असे आमचे मत आहे.

घरी काय सांगावे?

समजा, उद्या एखादा विद्यार्थी तास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, 'सर, आईचा केमो चालू आहे. तिचे मनगट दाबू का?' त्याला काय सांगावे?

दाबायला हरकत नाही, असे सांगावे. दोन-तीन मिनिटे, आईला सोसेल इतकाच दाब द्यायचा. त्यासाठी महागडा पट्टा विकत घेण्याचे कारण नाही. मात्र काखेतील गाठी काढल्यामुळे हात सुजला असेल किंवा रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) कमी झाल्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायचे. सुया तर डॉक्टरांना न विचारता टोचून घ्यायच्याच नाहीत.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे. डॉक्टरांनी दिलेली मळमळीची गोळी ठरल्या वेळीच घ्यायला हवी. 'आज बरे वाटते आहे' म्हणून ती चुकवू नये, कारण यांतील बरीच औषधे उलटी सुरू होण्यापूर्वी घ्यायची असतात. घोटभर पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर मनगट दाबत घरी बसू नये, रुग्णालयात जावे. आणि औषध घेऊनही मळमळ राहत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. 'केमो म्हटला की एवढे व्हायचेच' असे समजून कित्येक रुग्ण गप्प बसतात. वास्तविक औषध बदलता येते, वाढवता येते. मनगट दाबण्याने कुणाचे नुकसान होत असेल तर ते बहुधा येथेच होते: दाबामुळे नव्हे, दाबावर विसंबून गोळी किंवा डॉक्टर टाळल्यामुळे.

वरचा फाशांचा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा. त्यानंतर मुलांना वर्तमानपत्रातील एखाद्या रामबाण उपायाची जाहिरात आणायला सांगावी आणि चार प्रश्न विचारायला लावावे. कुणाशी तुलना केली? गट कसे पाडले? लटका उपचार होता का? दुसऱ्या कुणाला तोच निष्कर्ष मिळाला का? हे प्रश्न टाटा रुग्णालयातील गोळीलाही विचारायचे असतात आणि शेजारच्या काकूंच्या सल्ल्यालाही. त्या विद्यार्थ्याने आईजवळ बसून तिचा हात हातात घ्यावा; फक्त गोळीची वेळ त्याने विसरू नये.